रद्दच्या पुढचं वाक्य

वच्छला: बोलू नका म्हटलं ना डॉक्टरनं. आवाज वाचवा म्हणे.

चंद्रभान: उद्या सकाळी आठले गळ्यातून काढूनच घेऊन राहिले तो आवाज. आज वाचवून काय करू? लोणचं घालू?

वच्छला: बोलले की खोकला येते, खोकला आला की रक्त येते. मंग ती मुग्धा सिस्टर माह्यावर डोळे वटारते. जसा काही तीस वर्षं तंबाखूचा खर्रा मीच चारला तुमाले.

चंद्रभान: चारला नाही, पण घोटून तं देत होती.

वच्छला: सकाळचा एक. बाकीचे सात तुमी एसटी स्टँडवर खात होते.

दुर्गेश: आई, बाबा, यार, पाच वाजून गेले. सहाले गार्ड शिटी मारते अन् सगळ्यायले बाहेर काढते. मले फक्त अर्धा तास पायजे. हा रेकॉर्डर इथं उशीवर ठेवतो. बाबा, तुम्ही फक्त नॉर्मल बोला.

चंद्रभान: नॉर्मल म्हणजे? घरी बोलतो तसं, का स्टँडवर बोलत होतो तसं?

दुर्गेश: स्टँडवर.

चंद्रभान: घरचं कोणालेच नाही पायजे.

वच्छला: मले पायजे ना. मीच म्हटलं त्याले, बापाचा आवाज भरून ठेव मशीनीत. उद्या आपल्या पोरीचं, भूमिकेचं लेकरू बोलायले लागलं, कन्हानहून इकडे आलं, तं त्याले आजा ऐकवता येईन.

चंद्रभान: म्हणजे नातू विचारन, आजा कसा होता? अन् आजा म्हणन, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.

वच्छला: तं दुसरं काय बोलले तुमी? एकोणतीस वर्षं त्या माइकसमोर बसून बसून घरी पण तसेच. जेवायले वाढलं की, 'भाजीत मीठ कमी आहे. भाजीत मीठ कमी आहे.'

चंद्रभान: दोनदा सांगा लागते. पहिल्यांदा माणूस फक्त मान वर करते. ऐकते तो दुसऱ्यांदा.

दुर्गेश: बाबा, हा कागद घ्या. यावरचं वाचा फक्त.

चंद्रभान: चष्मा दे वं. हां. कळमेश्वर. मेटपांजरा. काटोल. जलालखेडा. सावनेर. केळवद. पारशिवनी. रामटेक. मौदा. काय आहे हे, बाबू? चार महिन्याच्या लेकरानं नागपूर जिल्हा पाठ करायचा आहे का?

दुर्गेश: तसंच समजा.

चंद्रभान: अन् खाली हे काय? 'रद्द करण्यात आली आहे. तीन वेळा. हळू. राग न आणता.' हे अक्षर तुहं नाही.

दुर्गेश: पियुषचं आहे.

चंद्रभान: तो गिटारवाला? केसाचा?

वच्छला: तोच. आपल्या मोरीत त्याचे केस अडकले होते. दोन दिवस पाणी तुंबलं.

चंद्रभान: माह्या नातवानं काय ऐकावं, हे पियुष काहून ठरवून राहिला?

दुर्गेश: बाबा, वेळ जाऊन राहिला.

चंद्रभान: जाऊ दे. मले कुठं गाडी पकडायची आहे. तू आधी मले त्या अल्बमचं सांग. तीन महिने झाले निघून. मी पडलो या गळ्याच्या भानगडीत, मले कोणी काही सांगतच नाही. तुमच्या 'राखड' बँडचं काय म्हणतात लोक?

दुर्गेश: आवडला लोकायले.

चंद्रभान: कोणत्या लोकायले?

दुर्गेश: ज्यायनं ऐकला त्यायले.

चंद्रभान: हे साहेबासारखं उत्तर झालं. किती जणायनं ऐकला?

वच्छला: मी सांगते. मी गेल्ती ना कार्यक्रमाले. एक्केचाळीस लोक होते, मोजले मी. करायले दुसरं काही नव्हतं. त्यातले नऊ त्या ड्रमवाल्या अर्णवच्या मावशीकडचे. कोणाचं तरी साक्षगंध आटपून तसेच आले होते, शालू नेसून. एकीच्या हातात तं ओवाळायचं ताट होतं.

चंद्रभान: ओवाळलं का मंग?

वच्छला: कोणाले ओवाळन? सगळे मुंडकं खाली घालून केस झटकत होते. ज्योत विझून गेली.

दुर्गेश: आई, पेपरवाल्यायनं गोंधळ केला ना. 'आजचे कार्यक्रम'मध्ये छापलं, राखड भजनी मंडळाच्या ध्वनिफितीचे प्रकाशन, प्रवेश मोफत. दोन म्हातारे टाळ घेऊन आले.

चंद्रभान: पळाले असतीन.

दुर्गेश: एक पळाला. दुसरे शेवटपर्यंत बसले. जाताना माह्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, शब्द एकही समजला नाही, पण तळमळ पोचली.

चंद्रभान: तो खरा माणूस.

वच्छला: आपली शेजारची यमुताई माह्या बाजूले बसली होती. दोन्ही कानात कापूस. तरी म्हणे, वच्छलाताई, पोट्ट्याचं पोट दुखून राहिलं वाटते. दुसऱ्या दिवशी ओव्याची पुडी आणून दिली.

चंद्रभान: मंग आवडला कोणाले हा अल्बम? ओवा सोडला तं काय मिळालं?

दुर्गेश: इथं नाही, बाबा. बाहेर. फिनलंडची एक साइट आहे, जगातले सगळे हेवी मेटल गाणी ऐकणारे ती वाचतात. त्यायनं नऊ मार्क दिले. दहापैकी नऊ.

चंद्रभान: फिनलंड कोणत्या डेपोत येते?

दुर्गेश: युरोपात आहे. तिथं घरोघरी मेटल ऐकतात.

चंद्रभान: काहून?

दुर्गेश: सहा महिने अंधार असते म्हणून.

चंद्रभान: बरोबर आहे. आपल्या इथं आठ महिने ऊन असते, म्हणून लोक टाळ घेऊन येतात. काय लिहिलं त्यानं? वाच ना. मराठीत सांग.

दुर्गेश: राहू द्या ना.

चंद्रभान: वाच, बाबू. पोट्ट्याचं नाव परदेशात छापून आलं, अन् बापाले ऐकू नाही येणार? कान तं नाही काढून राहिले ना उद्या.

दुर्गेश: त्यानं लिहिलं... 'नागपूर नावाच्या उष्ण शहरातून आलेला हा अल्बम. पहिली सहा गाणी चांगली आहेत, पण ओळखीची आहेत. सातवं गाणं मात्र वेगळं आहे. त्यात गायक दुर्गेश घाटोळे आपला माणसाचा गळा बाजूला ठेवतात आणि जमिनीखालून बोलू लागतात. अकरा मिनिटं ते एका प्राचीन भाषेत नष्ट झालेल्या नगरांची नावं पुकारतात. गेल्या दहा वर्षांत इतका थंड, इतका भयंकर आवाज ऐकलेला नाही.'

चंद्रभान: वा! नष्ट झालेली नगरं. कोणती गा?

वच्छला: हां, विचारा. कोणती नगरं, दुर्गेश?

दुर्गेश: आई...

वच्छला: सांग ना बापाले. का मी सांगू? कळमेश्वर, मेटपांजरा, काटोल.

चंद्रभान: मेटपांजऱ्याले काय झालं?

वच्छला: काही नाई झालं. तुमचा आवाज हाय तो.

चंद्रभान: कोणता?

वच्छला: त्या गाण्यातला. त्या दिवशी हॉलमध्ये सगळे लाइट बंद केले. हे पोट्टं लोकायकडे पाठ करून उभं राहिलं, माइक तोंडाशी. अन् आवाज सुरू झाला. असा खोल, विहिरीतून आल्यावानी. यमुताई माह्या हाताले धरून बसली. मी म्हटलं, पाठ माह्या लेकाची हाय, पण आवाज माह्या नवऱ्याचा हाय. तेहतीस वर्षं 'मीठ कमी आहे' ऐकलं मी त्या आवाजात. कितीही हळू करा, मले समजणार नाई?

दुर्गेश: तुले तेव्हापासून माहीत होतं?

वच्छला: तीन महिने झाले. मी वाट पाहत होती. आज सांगन, उद्या सांगन. आज तू मशीन घेऊन आला, मी म्हटलं, आता सांगन. अन् तू कागद काढला.

चंद्रभान: थांब वं. याले बोलू दे. माहा आवाज तुह्या अल्बममध्ये कसा गेला, बाबू? मी तं कधी गायलो नाही. लग्नात नाव घे म्हटलं तं मले घाम फुटला होता.

दुर्गेश: तुम्ही डबा घेऊन आले होते स्टुडिओत. गांधीबागेत. आठवते?

चंद्रभान: ते कापडाच्या गोदामावरचं? भिंतीले सगळीकडे न खपलेल्या ब्लँकेटी लटकवल्या होत्या. त्या रेकॉर्डिंगवाल्या साहिलच्या बापाच्या. मी म्हटलं, दुकान आहे का लेकरायचा वॉर्ड?

दुर्गेश: आवाज घुमू नये म्हणून लावल्या होत्या. त्या दिवशी माहा गळा बसला. शेवटचंच गाणं राहिलं होतं, स्टुडिओचा शेवटचा दिवस होता. सकाळपासून ओरडत होतो, आता फक्त हवा निघून राहिली होती. बाकीचे खाली चहा प्यायले गेले. तुम्ही आले, डबा ठेवला. साहिल म्हणाला, काका, माइकचा लेव्हल पाहायचा आहे, काही तरी बोला.

चंद्रभान: हो. सगळे लोक म्हणतात हॅलो, हॅलो, वन टू थ्री. मले ते कधी जमलं नाही. माइक पाहिला की माह्या तोंडातून गाडीच निघते.

दुर्गेश: तुम्ही जलालखेड्याची चारची गाडी बोलले. पूर्ण. साहिलनं बटण बंदच केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पियुषनं ते ऐकलं. त्यानं ते अर्ध्या स्पीडनं चालवलं, खाली गिटार टाकली. अन् आम्ही चौघं तसेच बसून राहिलो. ज्या आवाजासाठी मी दहा वर्षं गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, तो तुम्ही खर्रा खाऊन काढला, बाबा.

चंद्रभान: आठ खर्रे रोज. सोपं नाही ते पण.

वच्छला: हसू नका.

चंद्रभान: मी कुठं हसून राहिलो? मंग नाव?

दुर्गेश: कव्हर आधीच छापून झालं होतं. गायक, दुर्गेश घाटोळे. मी म्हटलं, पुढं पाहू. कोण ऐकते आपला अल्बम? एक्केचाळीस लोक. मंग तो फिनलंडवाला आला. मंग बंगळुरूहून बोलावणं आलं, मोठ्या फेस्टिव्हलचं. सगळ्यायचे मेसेज एकच, तो आवाज, तो आवाज. बाबा, मी एकतीस वर्षाचा आहे. कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर पाकिटावर शिक्के मारतो. माह्या नावानं जगात एक चांगली गोष्ट छापून आली, अन् ती पण तुमची निघाली. कसं सांगू?

चंद्रभान: मले विचारलं असतं तं?

दुर्गेश: तुम्ही हो म्हटलं असतं.

चंद्रभान: म्हणूनच विचारा लागते. जो नाही म्हणणार, त्याले कोणी पण विचारते.

वच्छला: अन् आता हे मशीन कायले आणलं, ते पण सांग.

दुर्गेश: दुसऱ्या अल्बमसाठी. अन् बंगळुरूले वाजवायले. उद्यापासून... म्हणजे आजच काय ते भरून घ्यायचं होतं. पियुष म्हणाला...

चंद्रभान: काय म्हणाला?

दुर्गेश: म्हणाला, आता तं काकाचा आवाज अजून भारी झाला असन.

वच्छला: त्याचे केस मी मोरीतून हातानं काढले होते. एक एक.

चंद्रभान: चूक नाही म्हणाला तो. त्याच्या धंद्यातलं त्याले समजते. डॉक्टर पण टॉर्च मारून असंच म्हणाले, बरंच वाढलं आहे. दुर्गेश, ते गाणं लाव. मले ऐकू दे.

दुर्गेश: नको, बाबा.

चंद्रभान: तुह्या आईनं ऐकलं, यमुताईनं ऐकलं, फिनलंडनं ऐकलं. ज्याचा आवाज आहे त्यालेच पास नाही का?

(दुर्गेशने हेडफोन वडिलांच्या डोक्यावर बसवला. वॉर्डातल्या रंगीत चौकड्यांच्या चादरीवर, गळ्याला पट्टी लावून, मोठाले काळे कान घातलेला म्हातारा विमान चालवणाऱ्या माणसासारखा दिसत होता. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने आदराने पाय आखडून घेतले. अकरा मिनिटं चंद्रभान छताच्या पंख्याकडे बघत राहिले. पाचव्या मिनिटाला त्यांचे ओठ हलू लागले. गाण्याबरोबर नव्हे, गाण्याच्या थोडे पुढे, फलाटावर गाडी दिसण्याआधीच तिचा नंबर ओळखणाऱ्या माणसासारखे. अकराव्या मिनिटाला गाणं संपलं तरी ते हलतच होते.)

चंद्रभान: बाकीचं कुठं आहे?

दुर्गेश: झालं ना. संपलं गाणं.

चंद्रभान: गाणं संपलं. घोषणा कुठं संपली? 'रद्द करण्यात आली आहे', अन् मंग ते घंटेवानी काही तरी वाजते, अन् सगळं चूप. माहं पुढचं वाक्य कुठं आहे?

दुर्गेश: कोणतं?

चंद्रभान: मी गोदामात पूर्ण बोललो होतो. मले आठवते. 'प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी, पुढची गाडी पाच वाजून चाळीस मिनिटांनी फलाट क्रमांक सातवरून सुटेल.' ते कोणी कापलं?

दुर्गेश: आम्हीच. म्हणजे पियुषनं. मी पण हो म्हटलं.

चंद्रभान: काहून?

दुर्गेश: मूड जात होता, बाबा. अकरा मिनिटं सगळं बुडवत बुडवत आणलं, अन् शेवटी पाच चाळीसची गाडी. अल्बमचं नावच 'रद्द' आहे.

चंद्रभान: एवढं काळंकुट्ट गाणं, चार जण जीव तोडून वाजवून राहिले, अन् एका लाल डब्यानं मोडत होतं?

दुर्गेश: तुम्हाले नावाचा राग नाही आला? वाक्याचा आला?

चंद्रभान: नावाचं मी सोडून देतो. एकोणतीस वर्षं त्या भोंग्यातून बोललो, कोणाले माहीत होतं माहं नाव? लोक म्हणायचे, स्टँड बोलून राहिला. पण रद्द सांगून माइक बंद करणं, हे मी जिंदगीत एकदाच केलं. वच्छला, याले कवडूदादाचं सांगितलं का तू कधी?

वच्छला: नाई. तुमीच म्हटलं होतं, नको सांगू.

चंद्रभान: आता सांगतो. उद्या सांगता येणार नाही. पाणी दे एक घोट. हां. तू दोन वर्षाचा होता. मी नवीन नवीन माइकवर. तिकडं गावी, जलालखेड्यापाशी, माहे आबा, तुहा आजा, शेवटच्या घटका मोजत होते. दुपारी निरोप आला. माही ड्युटी, साहेब सोडत नव्हते. माहा मोठा भाऊ कवडूदादा तेव्हा गांधीबागेत गठ्ठे उचलायचा. त्याले म्हटलं, तू हो पुढं चारच्या गाडीनं, मी रात्रीच्यानं येतो. तो येऊन सात नंबरवर उभा राहिला. मले खिडकीतून दिसत होता. हातात केळ्याची पिशवी. आबाले केळं आवडायचं.

वच्छला: हळू बोला.

चंद्रभान: चारची गाडी बिघडली. चिठ्ठी आली माह्याकडे. मी बोललो, नागपूर जलालखेडा रद्द करण्यात आली आहे. अन् तेवढ्यात चहा आला. मी माइक बंद केला. चहा गरम होता, म्हणून मी तो बशीत ओतला. एवढंच. पंधरा मिनिटानं साहेबानं दुसरी गाडी काढली, तिथंच सात नंबरवरून. मी ती पण पुकारली. दोनदा. पण कवडूदादा निघून गेला होता. त्याले वाटलं, आता उद्याच. गाडी सात माणसं घेऊन गेली. बाकी रिकामी. आबा नऊ वाजता गेले. घरचे म्हणे, दाराकडे पाहत होते.

दुर्गेश: बाबा...

चंद्रभान: दादा काही बोलला नाही. भांडला नाही. तेरवीच्या दिवशी पत्रावळी उचलता उचलता फक्त एवढं म्हणाला, चंद्रभान, तू पुढचं बोलला नाही गा. बस. त्याच्यानंतर सव्वीस-सत्तावीस वर्षं मी एक पण रद्द एकटी सोडली नाही. पुढची गाडी माहीत असली तं वेळ सांगायचो. नसली माहीत तं सांगायचो, पुढची सूचना मिळेपर्यंत प्रवाशांनी कृपया फलाट सोडून जाऊ नये. साहेब म्हणायचे, हे नियमात नाही, घाटोळे. मी म्हणायचो, नियमात आबा पण नाहीत.

वच्छला: या डॉक्टरनंही तेच केलं पाहा. आवाज पूर्ण जाईन म्हटलं अन् फाइल बंद केली. पुढं काय, ते सांगितलंच नाई.

चंद्रभान: त्याचा पण चहा आला असन.

दुर्गेश: मी पियुषले मेसेज टाकून राहिलो. आत्ता. 'सातव्या गाण्यातला आवाज बाबांचा आहे. सगळीकडे तसं लिहायचं. फिनलंडवाल्याले पण कळवायचं. अन् कापलेलं वाक्य परत जोडायचं.'

चंद्रभान: फिनलंडवाल्याले नाव कळव. पण तिथं माणसं राहतात, संत्री पिकतात, हे नको सांगू. त्याले नगरं नष्ट झालेली वाटली तं वाटू दे. नऊचे पाच करन तो.

दुर्गेश: उत्तर आलं. म्हणते, 'नाव टाकू. पण ती पुढची गाडी नको भाई, सगळी उदासी पळून जाईन.'

वच्छला: त्याले म्हण, वॉर्डात ये एकदा. पळून जाते का पाहू.

दुर्गेश: मी लिहिलं, गाडी राहीन. नाही तं मी नाही राहणार.

चंद्रभान: एवढं तोडायचं नसते, बाबू. केसाचा असला तं काय झालं, वाजवते चांगला. आता ते मशीन चालू कर. किती वाजले?

दुर्गेश: पाच पन्नास. पण आता नको. मले नाही पायजे, खरंच.

चंद्रभान: मले पायजे. तुमचं ते गोदामातलं वाक्य असन का अजून त्या साहिलकडे? कापलेला तुकडा?

दुर्गेश: नाही. उडवून टाकला.

चंद्रभान: मंग नवीन भरा लागन. कर चालू. उशी सरक वं, बसू दे सरळ. माइकसमोर लोळून बोलत नसते.

दुर्गेश: लाल दिवा लागला. बोला.

चंद्रभान: चंद्रभान नामदेव घाटोळे. वाहतूक नियंत्रक. निवृत्त. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नागपूरहून कळमेश्वर, मेटपांजरा, काटोल मार्गे जलालखेड्याला जाणारी, दुपारी चार वाजताची गाडी, तांत्रिक कारणामुळे रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांनी कृप... प्रवाश...

वच्छला: पुरे. पुरे झालं. तस्त दे इकडे, दुर्गेश. थुंका. थुंकून टाका. पाहू नको तू, तिकडे पाहा. घ्या, पाणी घ्या. मी म्हणतच होती.

चंद्रभान: तिथंच.

वच्छला: बोलू नका.

चंद्रभान: त्याच जागी अडकलं, वच्छला. नेमकं त्याच जागी.

दुर्गेश: राहू द्या, बाबा. झालं तेवढं बस झालं. बंद करतो मी.

चंद्रभान: बंद नको करू. तू बोल.

दुर्गेश: मी? कोणत्या आवाजात?

चंद्रभान: तुह्या. तो ओरडायचा नाही. आईले जेवायले हाक मारते ना, तो.

दुर्गेश: त्यात कोणी ऐकत नाही माहं.

वच्छला: मी ऐकते ना. येते मी जेवायले.

दुर्गेश: प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. पुढची गाडी... किती वाजता सांगू, बाबा?

चंद्रभान: माहीत नाही.

दुर्गेश: पाच चाळीस तं होऊन गेले. माहीत नसली तं... हां. पुढची सूचना मिळेपर्यंत प्रवाशांनी कृपया फलाट सोडून जाऊ नये.

वच्छला: शिटी वाजली. सहा झाले.

चंद्रभान: दोनदा, बाबू.

दुर्गेश: पुढची सूचना मिळेपर्यंत प्रवाशांनी कृपया फलाट सोडून जाऊ नये.

वच्छला: तू हो पुढं. गार्डले सांगजो, एक पॅसेंजर इथून हलत नाई म्हणून.